बैठक जपानी पद्धतीची करायची आहे (गाव देवळी तालुक्यात, जमीन काळी, बजेट 60 हजार)

सरकी, 12 फेब्रुवारी, रात्री 9.40

नमस्कार. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

आमचं घर वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या एका गावात. सासऱ्यांनी 1998 साली बांधलेलं, विटांचं, वर स्लॅब. समोरची बैठक 12 बाय 14 फूट, खाली कोटा फरशी. आत्ता तिथे एक दिवाण, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शोकेस आहे. शोकेसमध्ये लग्नात आलेली तीन बंद घड्याळं आणि एक ताजमहाल. भिंती पोपटी.

मागच्या महिन्यात कामठीला ड्रॅगन पॅलेस पाहून आलो. त्याचं बांधकाम 1999 सालचं, जपानी मदतीतून झालेलं, हे वाचून माहीत होतं. पण आत पाय ठेवल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, ते पुस्तकात नव्हतं. परतीच्या एसटीत ठरवलं की निदान बैठक तरी अशी करायची. खाली बसायचं, गवती चटई, कागदाचे सरकते दरवाजे, कोनाड्यात एकच फूल. बाकी काही नाही.

नवऱ्याचा होकार आहे. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "भुईवरच बसाचं हाय तं पैसे कायले लावतं वं माय?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. त्यांचे गुडघेही दुखतात, तो वेगळाच प्रश्न.

कुणी असं केलंय का? कुठून सुरुवात करू?

---

खडीसाखर, 12 फेब्रुवारी, रात्री 10.15

मस्त कल्पना! आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये एक कोपरा असा केलाय. ऑनलाइन सगळं मिळतं. लाफिंग बुद्धा, बुद्धाचं मोठं डोकं (दगडी फिनिशचं फार छान दिसतं), छोटं कारंजं, लकी बांबू, वाळूची झेन ट्रे. मागच्या भिंतीला बांबूसारखे दिसणारे पीव्हीसी पॅनल लावले की लुक पूर्ण. एका वीकेंडचं काम आहे.

---

पिंपळपान, 12 फेब्रुवारी, रात्री 11.02

खडीसाखर, राग मानू नका, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लाफिंग बुद्धा म्हणजे तथागत बुद्ध नव्हेत. तो चीनमधला दहाव्या शतकातला एक भटका भिक्खू, बुदाई. जपानात त्याला होतेई म्हणतात आणि सात भाग्यदेवतांमध्ये बसवतात. त्याला घरात ठेवायला कुणाचीच हरकत नाही, फक्त बुद्ध म्हणून ठेवू नका.

दुसरं ते "डोकं". आमच्या घरात, आणि विदर्भातल्या हजारो घरांत, बुद्ध सजावटीत येत नाहीत. 1956 साली दीक्षाभूमीवर आमचे आजोबा चालत गेले होते. आमच्याकडे मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर असते, स्वच्छ जागी असते आणि पूर्ण असते. नागपुरातल्या एका दुकानात मी धडावेगळं डोकं चपलांच्या स्टँडवर मांडलेलं पाहिलंय. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "शो आहे मॅडम." सरकीताई, तुमच्याकडे आमची माणसं येत-जात असतील. ती काही बोलणार नाहीत, चहा पिऊन जातील, पण त्यांच्या नजरेतून ते सुटणार नाही.

---

सरकी, 13 फेब्रुवारी, सकाळी 6.20

पिंपळपान, बरं केलंत सांगितलंत. आमच्या बाजूचंच घर बौद्ध आहे. त्या मावशी रोज दुपारी सासूबाईंजवळ येऊन बसतात. डोकं-बिकं काही नाही आणणार.

---

खडीसाखर, 13 फेब्रुवारी, सकाळी 8.45

मला खरंच हे माहीत नव्हतं. आमच्या कोपऱ्यातलं काय करायचं याचा आता विचार करावा लागेल.

---

दोन_बाय_एक, 13 फेब्रुवारी, दुपारी 1.30

मी मूळचा नागपूरचा, आर्किटेक्ट. नोकरीनिमित्त तीन वर्षं क्योतोला राहिलो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आधी वस्तूंची यादी फाडून टाका. जपानी खोलीची सुरुवात मापापासून होते. तातामी म्हणजे साधारण 3 बाय 6 फुटांची चटई, लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट. (क्योतोकडची थोडी मोठी, तोक्योकडची थोडी लहान. तो वाद तिथेही आहे.) खोली किती चौरस फुटांची हे तिथे विचारत नाहीत, किती चटयांची हे विचारतात. साडेचार, सहा, आठ. चहाची खोली साडेचार चटयांची, म्हणजे आपली 9 बाय 9.

तुमची 12 बाय 14. आठ चटया म्हणजे 12 बाय 12, उरते 2 फुटांची पट्टी. त्या पट्टीत तोकोनोमा बसतो. तोकोनोमा म्हणजे भिंतीतली उथळ चौकट. तिच्यात एक लटकतं चित्र किंवा अक्षरं आणि एक फुलदाणी, ऋतूप्रमाणे बदलायची. तिथे कुणी बसत नाही, टीव्ही ठेवत नाही, मोबाइल चार्जिंगला लावत नाही. चटया मांडताना चार कोपरे एका बिंदूत येऊ द्यायचे नाहीत, ती मांडणी अशुभ प्रसंगाची. चटईच्या कापडी काठावर पायही देत नाहीत.

खरी तातामी मागवू नका. एकेक 25-30 किलोची आणि सुमारे 5.5 सेंटिमीटर जाड असते. वाहतुकीतच तुमचे 60 हजार संपतील.

कागदी दरवाजे म्हणजे शोजी. लाकडाची बारीक जाळी आणि तिच्यावर एका बाजूने कागद. कागद भाताच्या खळीने चिकटवतात आणि वर्षाअखेरीस ओला करून, सोलून, नवा लावतात. दरवाजाला चाकं नसतात. वरची खाच खोल, खालची उथळ. दरवाजा उचलून वरच्या खाचेत ढकलला की खालून सुटतो आणि हातात येतो. खाचेला मेण घासतात. गावातला वाढई दोन दिवसांत शिकेल, कारण त्यात बिजागरी नाही, कडी नाही, चॅनल नाही.

---

कोरडवाहू, 13 फेब्रुवारी, दुपारी 3.10

भाऊ, क्योतोत काळी माती असते का?

माझं घर यवतमाळकडे. मुलाच्या हौसेपायी स्लायडिंगचा दरवाजा केला होता, चांगल्या सागाचा. उन्हाळ्यात जमिनीला पंजा जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच जमीन फुगून वर. जोता हलतो, चौकट तिरपी होते. जूनमध्ये दरवाजा अर्धा उघडायचा, ऑगस्टमध्ये अजिबात नाही, जानेवारीत आपोआप सरकायचा, मांजर ढकलायची. शेवटी काढून गुरांच्या गोठ्याला लावला, तिथे उभाच राहतो बिचारा.

आणि ताई, एक विचारतो. तुमच्याकडे कापूस असेलच. मग तो कुठे ठेवता?

---

सरकी, 13 फेब्रुवारी, रात्री 9.05

आमच्याही बैठकीच्या कोपऱ्यात भेग आहे. मिस्त्री म्हणतो, "ते अशीच राहते."

कापसाचं यंदा पाहू. वेचला की लगेच विकू.

---

कोरडवाहू, 13 फेब्रुवारी, रात्री 9.12

लगेच विकू 🙂

---

दोन_बाय_एक, 13 फेब्रुवारी, रात्री 10.40

कोरडवाहू, मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी नागपुरात बसून काळी माती विसरलो. मग दरवाजा भिंतीच्या चौकटीत घालूच नका. खोलीच्या आत स्वतंत्र लाकडी चौकट उभी करा, भिंतीला न ठोकता, आणि दरवाजाभोवती बोटभर फट ठेवा. घर हललं तरी चौकट आपली आपण उभी राहील. किंवा दरवाजाचा हट्ट सोडा आणि फक्त खिडकीला आतून जाळीच्या फळ्या लावा. शोजीचं खरं काम उजेड गाळणं आहे. तुमची खिडकी पश्चिमेला असेल तर जास्तच उपयोग.

---

मानवेल, 14 फेब्रुवारी, सकाळी 7.50

जाळी सागाची कशाला? बांबू घ्या. मी चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकलोय, काम चंद्रपुरात करतो.

आपल्या जंगलात मुख्यतः दोन. मानवेल, बारीक आणि जवळपास भरीव. कटांग, जाड, काटेरी, आतून पोकळ. जाळीसाठी मानवेलच्या चिरलेल्या कामट्या, चौकटीसाठी कटांग. तोडणी थंडीची घ्या, पावसाळ्यातली नको. पावसाळ्यातल्या बांबूत साखर-स्टार्च जास्त, मग घुण लागते. सकाळी उठून पाहावं तर खाली पिवळी भुकटी. जुने लोक तोडलेला बांबू नाल्याच्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेवायचे, ते त्यासाठीच. आम्ही बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात दहा-बारा दिवस ठेवतो. हे घरातल्या कामाला चालतं. बाहेर पावसात ठेवला तर औषध धुऊन जातं, मग मला फोन करू नका.

परवान्याची भीती काहींना अजून आहे. 2017 मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू "झाड" या व्याख्येतून निघाला. शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आता ती अडचण नाही. खरं तर गवतच ते, कायद्याला कळायला 90 वर्षं लागली.

आणि खडीसाखर, लकी बांबू हा बांबू नाही बरं का. ड्रॅसीना आहे.

---

खडीसाखर, 14 फेब्रुवारी, सकाळी 9.00

माझं काहीच खरं निघत नाहीये या धाग्यावर 😀

---

तणस, 14 फेब्रुवारी, दुपारी 12.25

मी गोंदिया जिल्ह्यातला, धानपट्ट्यातला. दोन_बाय_एक यांनी एक सांगितलं नाही. तातामीच्या वरचं विणकाम इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचं, पण जुन्या पद्धतीच्या चटईत आतमध्ये दाबून शिवलेलं असतं ते आपलं तणस. धानाचं तणस! हे कळल्यावर मला राहवेना. आमच्या वाडीत तणसाचा डोंगर असतो.

2019 च्या दिवाळीनंतर केला प्रयोग. तणस उन्हात वाळवलं, आडवे-उभे थर रचले, वर फळी आणि फळीवर धानाची पोती ठेवून आठ दिवस दाबलं. मग सुतळीने सुयाने शिवलं, वरून शिंदीची चटई ताणून लावली. दोन झाल्या, दोन इंच जाड. सांगतो, जानेवारी ते मे असा बसायला आराम कुठल्या गादीत नाही. वास तर काय, मळणीच्या दिवसांचा.

जुलैत खालून बुरशी. ऑगस्टमध्ये उंदराने आत बाळंतपण उरकलं. सात पिल्लं. बायकोने दोन्ही चटया अंगणात नेऊन पेटवल्या, मी पाहत राहिलो.

तिकडेही दमट हवेत बुरशीचा त्रास असतोच म्हणे, म्हणून चटया उचलून हवा देतात. पण आपल्याकडचे उंदीर वेगळ्याच निष्ठेचे.

---

गोपुरी_रोड, 14 फेब्रुवारी, संध्याकाळी 6.45

सरकीताई, कामठीपर्यंत गेलात. तुमच्या गावाहून सेवाग्राम किती लांब आहे?

बापूकुटी एकदा याच नजरेने बघून या. 1936 नंतरचं बांधकाम. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. खाली चटई, पाठ टेकायला एक फळी, समोर बसकं लिहायचं मेज. भिंतीवर मीराबहेनने मातीतच उठावात काढलेली ताडाची झाडं. एवढंच. खोलीत काय आहे ते मोजायला एक मिनिट लागत नाही, आणि तरी तिथून लवकर उठवत नाही.

जपानचं म्हणाल तर तो धागाही वर्ध्यातूनच जातो. 1933 साली निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. आश्रमाच्या प्रार्थनेत आजही सुरुवातीला "नम्यो हो रेंगे क्यो" म्हणतात ते त्यांच्याकडून आलेलं. गोपुरीजवळचा पांढरा शांतिस्तूप त्यांच्याच संघाचा. लहानपणी आम्हाला हे शब्द संस्कृत वाटायचे.

येता येता मगन संग्रहालयात डोकावा. हातकागद आणि नैसर्गिक रंगाची खादी मिळते. जाळीला कागदाऐवजी पातळ कोरी खादी ताणून लावली तर धूळ झटकता येईल, धुताही येईल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वावटळ येते तेव्हा कागदाचं काय होईल ते सांगायला नको.

---

दोन_बाय_एक, 14 फेब्रुवारी, रात्री 8.20

हे मला आधी सुचायला हवं होतं. अजून एक जोडतो. क्योतोच्या जुन्या घरांची भिंत उघडी पडलेली मी पाहिली आहे. आत बांबूच्या चिरफळ्यांची जाळी, गवती दोरीने बांधलेली, दोन्ही बाजूंनी माती आणि तणसाचा गिलावा. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचं माहेर सिंदेवाहीकडचं. तिचा उलट मेसेज: "हा तर आपला कूड."

---

बंगई, 14 फेब्रुवारी, रात्री 9.30

सगळं बरोबर, पण सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय? वर कुणीच बोललं नाही. पुरुष मंडळी माती आणि बांबूतच अडकलीत.

जपानात टेबलाखाली खड्डा करून पाय सोडून बसतात, होरी-गोतात्सु म्हणतात त्याला. असं काही करावं का?

---

कोरडवाहू, 14 फेब्रुवारी, रात्री 9.41

खेड्यात घरात खड्डा? पहिल्या पावसात विंचू बसेल पाय सोडून.

---

दोन_बाय_एक, 14 फेब्रुवारी, रात्री 10.05

बंगईताई, चूक मान्य. यावर तिकडेच एक चांगला उपाय आहे, कोआगारी. खोलीच्या एका भागात फूट-सव्वा फूट उंच लाकडी ओटा करतात, त्यावर चटया. तरुण मंडळी वर मांडी घालून बसतात, म्हातारी माणसं काठावर पाय सोडून. खाली खण, त्यात गाद्या-पांघरुणं. सासूबाईंना उठताना गुडघ्यावर भार कमी येईल.

सरकीताई, खिडकीच्या भिंतीला लागून 6 बाय 12 चा ओटा करा. बरोबर चार चटया. उरलेल्या 8 बाय 12 मध्ये खुर्च्या राहू द्या, पाहुण्यांना जबरदस्तीने जपानी करू नका. ओट्याचे पाय मात्र फरशीवर टेकवताना खाली दगडाच्या चिपा द्या. वाळवी फरशीच्या सांध्यातून वर येते.

---

मानवेल, 15 फेब्रुवारी, सकाळी 7.15

पायाचं बूड जाळून घ्या. कुंपणाचे खांब गाडताना आपण जाळतोच ना, तेच. कोळशाचा थर बसेपर्यंत जाळायचं, मग घासून तेल. जपानी लोक बाहेरच्या भिंतीच्या फळ्या अशाच जाळून लावतात आणि हल्ली शहरातले आर्किटेक्ट त्याचे भरपूर पैसे घेतात.

---

दोन_बाय_एक, 15 फेब्रुवारी, सकाळी 7.58

घेतो 🙂

---

बंगई, 15 फेब्रुवारी, सकाळी 11.20

दिव्यांचं मी सांगते. पांढरी ट्यूब ठेवलीत तर वरचं सगळं वाया. खोली दवाखान्यासारखी दिसेल. पिवळसर उजेडाचे 5-7 वॅटचे दोन एलईडी, खाली बसणाऱ्याच्या डोक्याच्या जरा वर. त्यावर कागदी कंदील. बांबूच्या कामट्या आणि हातकागद, आपला आकाशकंदीलच, फक्त झिरमिळ्या कापायच्या. जपानातल्या गिफू शहरातले असे कागदी कंदील पाहून इसामु नोगुची नावाच्या शिल्पकाराने 1951 पासून दिवे केले, ते आजही खूप महाग विकले जातात. आमच्या पोराने शाळेच्या प्रकल्पात केलेला 40 रुपयांत झाला.

फुलांचं: इकेबानाला महागडी फुलं लागत नाहीत. फुलदाणीत फांदी उभी राहावी म्हणून आत लहानशी बेचकी अडकवायची, तीही त्यांची जुनी पद्धत. फाल्गुनात पळसाची एकच वाकडी फांदी लावून बघा.

---

सरकी, 16 फेब्रुवारी, रात्री 10.30

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बोलणी झाली. ठरलं ते असं: खरेदी ऑनलाइन काहीच नाही. 6 बाय 12 चा ओटा गावातल्या वाढईकडून, जुन्या दिवाणाचं लाकूड वापरून. खिडकीला बांबूची जाळी आणि खादी. शोकेस बाहेर. भिंतींना चुन्यात थोडी पिवळी माती. ओट्यावर तणस नाही (सात पिल्लं वाचून सासूबाई हसत होत्या). त्याऐवजी घरच्या कापसाच्या पातळ गाद्या पिंजाऱ्याकडून भरून घेऊ, वर शिंदीच्या चटया. जपानी फुतोनमध्येही जुन्या पद्धतीत कापूसच असतो असं वाचलं, तेव्हा फार लांब गेलेलो नाही.

सासूबाईंना ओट्याचं चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, "हा तं वटा व्हय. असं सांगाचं पह्यले."

---

सरकी, 9 जून, रात्री 9.15

झालं एकदाचं. खर्च 47 हजार, त्यातले 6 हजार चुकीचे. आधी जाळीला हातकागद लावलाच होता, मोह आवरला नाही. 20 मेच्या वावटळीत दोन चौकोन फाटले, एकात नातेवाइकांच्या पोराने बोट घातलं. आता खादी. दुपारी चारचं ऊन खादीतून आत आलं की भिंत ताकासारखी दिसते.

तोकोनोमा भिंतीत खोदणं मिस्त्रीला पटलं नाही, म्हणून ओट्याच्या एका टोकाला नुसती दोन फुटांची फळी आणि वर रिकामी भिंत. ही जागा राखणं हीच खरी मेहनत. पहिल्या आठवड्यात तिथे अनुक्रमे सेट-टॉप बॉक्स, बियाण्याची पाकिटं, औषधाची पिशवी आणि एकदा कोंबडी. मी रोज उचलते. बाजूच्या मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा थोडा वेळ त्या फळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काहीच नाही ठेवलं, बरं वाटते." दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अंगणातली मोगऱ्याची डहाळी घेऊन आल्या.

सासूबाई काठावर पाय सोडून बसतात. दुपारी तिथेच झोपतात. चटईवर कुणी चपलेने चढलं तर सर्वांत मोठा आवाज त्यांचाच.

फोटो टाकायचे होते, पण ओट्यावर सध्या कुरडया वाळताहेत.

---

दोन_बाय_एक, 9 जून, रात्री 9.50

कुरडयांसकट टाका.

---

कोरडवाहू, 9 जून, रात्री 10.02

अभिनंदन ताई. पावसाळ्यात भेगेचं कसं होते ते कळवा. आणि दिवाळीनंतरचंही.

---

सरकी, 14 डिसेंबर, रात्री 8.35

भेग होती तशीच. स्वतंत्र चौकटीमुळे जाळी अजून सरळ आहे, मेण घासलं की सरकते. वाळवी नाही. एका कामटीला घुण लागली, ती बदलली (तो बांबू मी घाईत बाजारातून घेतला होता, मानवेलदादा, बोलू नका).

फोटोंची तिघांनी आठवण केली म्हणून लिहिते. भाव पडलेत. व्यापारी घरी येऊन जो आकडा सांगतो त्यात वेचाईसुद्धा निघत नाही. नवरा म्हणाला थांबू. गोठ्यात जागा नाही, मागच्या खोलीत तूर येणार. तर सध्या बैठकीत 18 क्विंटल कापूस आहे, ओट्यासकट, खिडकीच्या अर्ध्यापर्यंत. कागदी कंदील उतरवला, दिव्याची वायरही काढून ठेवली, कापसाजवळ नको. अंगाला खाज सुटते. सासूबाई छपरीत झोपतात.

तोकोनोमाची फळी तेवढी वर दिसते. तिच्यावर काही नाही. कोरडवाहू, हसून घ्या.

---

कोरडवाहू, 14 डिसेंबर, रात्री 8.50

नाही हसत ताई. माझ्याकडे 26 आहे.